शेअर्ड होस्टिंग की व्हीपीएस? कोल्हापुरातल्या दुकानदारांसाठी

वेबसाइट ठेवायला इंटरनेटवर भाड्यानं घेतलेली जागा म्हणजे होस्टिंग. त्यातलं शेअर्ड होस्टिंग म्हणजे मंडईतला कट्टा. एकाच सर्व्हरवर, म्हणजे साइट चालवणाऱ्या कॉम्प्युटरवर, अनेक साइट्स बसतात. प्रोसेसर, मेमरी, बहुतेकदा आयपी पत्ताही (सर्व्हरचा इंटरनेटवरचा क्रमांक) सामाईक. झाडलोट मंडईची, म्हणजे सर्व्हरचे अपडेट होस्टिंग कंपनी करते. पण शेजाऱ्याकडे गर्दी झाली की तुमचीही वाट अडते. व्हीपीएस (व्हर्च्युअल प्रायव्हेट सर्व्हर) म्हणजे त्याच इमारतीतला शटरचा गाळा: मशीन एकच, तुमच्या वाटणीची मेमरी मात्र ठरलेली.

कोल्हापुरी चपलांच्या दुकानाला पत्ता, वेळ, फोटो आणि व्हॉट्सअ‍ॅपचं बटण एवढंच हवं असेल, तर शेअर्ड पुरतं. माझं मत स्पष्ट आहे, सुरुवात इथूनच करा. फक्त पहिल्या वर्षाच्या सवलतीला भुलू नका. नूतनीकरणाचा दर आधी विचारा, तो बऱ्याचदा कितीतरी जास्त निघतो. एसएसएलचे, म्हणजे साइट आणि गिऱ्हाईक यांच्यातली माहिती सुरक्षित ठेवणाऱ्या प्रमाणपत्राचे, वेगळे पैसे मागितले, तर लेट्स एन्क्रिप्टचं मोफत प्रमाणपत्र चालेल का तेही विचारा.

हुपरीचे चांदीचे दागिने ऑनलाइन विकणाऱ्याचं गणित वेगळं. दिवाळीत ऑर्डरी एकदम वाढल्या, तर शेअर्डवर पान उघडेपर्यंत गिऱ्हाईक निघून जातं. तिथं व्हीपीएस घ्यावं. मात्र ते मॅनेज्ड, म्हणजे कंपनीनं सांभाळलेलं, नसेल तर अपडेट, फायरवॉल (घुसखोरी रोखणारा पहारा), बॅकअप सगळं तुमच्या गळ्यात. ते सांभाळणारं माणूस नसेल तर असं व्हीपीएस शेअर्डपेक्षा धोक्याचं.

काहीही घ्या, सर्व्हर मुंबईतला मिळाला तर बरा. गिऱ्हाईक सांगली-पुण्याचं असताना परदेशाचा फेरा कशाला? आणि डोमेन, म्हणजे साइटचं इंटरनेटवरचं नाव, स्वतःच्याच नावावर नोंदवा, साइट बनवून देणाऱ्याच्या नाही.