ओट्यासाठी काळी लादी: गॅब्रो घ्या, पण आधी ॲसिटोन लावून बघा

दुकानात ‘काळा ग्रॅनाइट’ म्हणून जी लादी दाखवतात ती बहुतेक वेळा गॅब्रो किंवा त्याच्याच जातीच्या डोलेराइट या दगडाची असते. गॅब्रोचा शिलारस बेसाल्टचाच, फक्त जमिनीखाली खोलवर सावकाश थिजलेला. म्हणून त्याचे स्फटिक नुसत्या डोळ्यांनी दिसतात. प्लॅजिओक्लेज फेल्डस्पार आणि पायरोक्सीन ही त्यातली मुख्य खनिजे, क्वार्ट्झ जवळपास नाहीच.

ओट्यासाठी हा दगड फिकट ग्रॅनाइटहून सरस. स्फटिक एकमेकांत घट्ट गुंतलेले असल्याने तो पाणी आणि तेल सहसा कमी पितो. लिंबू किंवा व्हिनेगर सांडले तर संगमरवरासारखे चट्टे उठत नाहीत. क्वार्ट्झ नसल्याने कठीणपणा मात्र थोडा कमी, खनिजांचा कठीणपणा 1 ते 10 मध्ये सांगणाऱ्या मोह्स मापावर 6 च्या आसपास. सुरीला तो दाद देत नाही, पण खरखरीत बुडाचे सिरॅमिक भांडे घासले की चरा दिसतो. काळ्या पॉलिशवर बोटांचे ठसे आणि क्षारयुक्त पाण्याचे डागही लगेच उठून दिसतात. रोज पुसायचा कंटाळा असेल तर ठिपक्यांचा ग्रॅनाइटच बरा.

खरी फसगत रंगाची. करडी लादी काळ्या रंगात बुडवून विकली जाते आणि वापरात कडेपासून फिकी पडते. पांढऱ्या कापडावर ॲसिटोन (नेलपॉलिश काढायला वापरतात ते द्रावक) घेऊन कोपरा घासा. कापड काळे झाले तर ती लादी नको. मागे जाळी चिकटवलेली असेल तर ती तडे झाकायला तर नाही ना, हेही विचारा.

20 मिमी जाडीच्या लादीचे वजन चौरस मीटरला सुमारे 60 किलो भरते. ती उभीच न्यावी, आडवी धरली तर स्वतःच्या भाराने मोडते. आधाराबाहेर 15 सेंमीपेक्षा जास्त काढू नये, 30 मिमी असेल तर 25 सेंमीपर्यंत चालते. सिंकच्या खाचेचे आतले कोपरे गोल हवेत. काटकोनात कापले तर ताण तिथेच साठतो आणि सिंकपुढची अरुंद पट्टी तडकते.

सीलर, म्हणजे डाग मुरू नयेत म्हणून दगडात जिरवायचे द्रावण, सरसकट लावू नका. पाण्याचा थेंब 15 मिनिटे ठेवा. दगड गडद झाला नाही तर सीलर आत मुरणार नाही, वर चिकट थर धरेल. हायड्रोफ्लोरिक आम्ल असलेले गंज काढणारे द्रावण तर ओट्याजवळ आणूच नये, ते फेल्डस्पार खाते आणि पॉलिश कायमचे जाते.