पहाटेच्या व्यायामाआधी काय खाल? केळं, गूळ-शेंगदाणे, पोहे की दूध

कोल्हापुरात रंकाळ्यावर पळायला जायचं असो की तालमीत जोर-बैठका मारायच्या असोत, आधी घड्याळ बघा आणि मग डबा उघडा. पिष्टमय पदार्थ पोटातून लवकर पुढे सरकतात; तेल, तूप, साय रेंगाळतात. पळताना पोटात येणारा गोळा या रेंगाळलेल्या खाण्याचा असू शकतो.

हातात वीस-तीस मिनिटंच असतील तर केळ्याला तोड नाही. मध्यम केळ्यात साधारण 25 ग्रॅम कर्बोदकं असतात, स्निग्ध पदार्थ जवळपास शून्य. सालीवर काळे ठिपके पडलेलं घ्या, त्यातल्या स्टार्चची साखर झालेली असते. हिरवट केळं पचायला जड, गॅस धरतं.

गूळ-शेंगदाण्यांची जोडी आपल्याकडे घरोघरी आहे, पण ऐन वेळी ती फोडलेली बरी. 20 ग्रॅमचा गुळाचा खडा आणि वर पेलाभर पाणी, एवढं चालतं. मूठभर, म्हणजे 30 ग्रॅम शेंगदाण्यांत मात्र 14-15 ग्रॅम तेल असतं. ते पळून आल्यावर खा.

पोहे संध्याकाळी व्यायाम करणाऱ्यांसाठी उत्तम. सहाची तालीम असेल तर चार-साडेचारला खा. 50 ग्रॅम कोरड्या पोह्यांतून 38 ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं मिळतात, म्हणजे केळ्याच्या दीडपट, आणि तासाभराच्या मेहनतीला ती पुरतात. फोडणीला एकच चमचा तेल घ्या. वरून फरसाण पडलं की हिशेब बिघडतो.

दुधाबद्दल इथे वाद होईल, तरी सांगतो. गंगावेशीत समोर काढलेलं म्हशीचं दूध कितीही कसदार असलं, तरी पावशेर पेल्यात 16-17 ग्रॅम स्निग्धांश असतो. ते पिऊन लगेच जोर मारले, की वाकताना ढेकर घशाशी येते. बदाम वाटून केलेली पैलवानांची थंडाई मेहनतीनंतर घेण्याची रीत म्हणूनच योग्य आहे. दूध उकळूनच प्या. कच्च्या दुधातून ब्रुसेलोसिससारखे आजार होतात.

मिसळ अजिबात नको. कटाची तर्री म्हणजे तेलच, त्यात तिखटाने जळजळ. किमान तीन तासांचं अंतर ठेवा.

उपाशीपोटी? अर्धा-पाऊण तास चालायला हरकत नाही. रात्रभरात यकृतातला साखरेचा साठा घटतो, स्नायूंमधला बराचसा शिल्लक असतो. पण तासापेक्षा जास्त पळणार असाल, किंवा पन्हाळा चढायचा असेल, तर काहीतरी खाऊनच निघा. मधुमेहासाठी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या चालू असतील, तर निघण्याआधी साखर तपासा. 90 mg/dL च्या खाली असेल तर 15 ते 30 ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे एक केळं, खाल्ल्याशिवाय बाहेर पडू नका. गोळ्यांचं किंवा इन्सुलिनचं प्रमाण बदलायचं का, हे डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.