मिरजेचा तंबोरा घेताना आधी भोपळा पाहा

मिरजेत तंबोरा घ्यायला येणाऱ्यांची नजर बहुधा आधी नक्षीवर जाते. ती जायला हवी भोपळ्यावर. लाकूड कापता येतं, जोडता येतं. भोपळा मात्र वेलीवर जसा वाढला तसाच पदरात घ्यावा लागतो. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतला हा जाड सालीचा कडू भोपळा महिनोन्‌महिने वाळवतात. मग कापून, पाण्यात भिजवून आतला गर खरवडतात आणि आतून काठ्यांचा ताण देऊन त्याला आकार देतात. माणसाचा हात चालतो तो एवढाच. म्हणूनच एका मापाचे, एकाच कारागिराचे दोन तंबोरे कधी सारखे बोलत नाहीत. तो दोष धरू नका.

भोपळ्यावर चहूबाजूंनी टिचकी मारून पाहा. आवाज सगळीकडे कोरडा आणि मोकळा हवा. एखाद्याच जागी बद्द वाजला तर तिथे कीड लागलेली असते किंवा चीर बुजवलेली असते. गडद पॉलिशखाली अशी चीर दिसत नाही, त्यामुळे जमलं तर पॉलिशच्या आधीच वाद्य पाहून ठेवावं. तबली, म्हणजे भोपळ्याचं तोंड झाकणारी लाकडी फळी, जिथे भोपळ्याला चिकटते त्या सांध्यावरून नख फिरवा. सांधा सुटला असेल तर तार छेडताच झिणझिण येते आणि लोक उगाच जवारीला, म्हणजे तारा टेकतात त्या घोडीच्या माथ्याच्या घासणीला, नावं ठेवतात. दांडी तुनाच्या लाकडाची असते. खुंट्यांकडून एक डोळा मिटून पाहिलं की बाक लगेच कळतो.

मिरजेची खरी ओळख म्हणजे जवारी. इथले सतारमेकर मूळचे शिकलगार, हत्यारांना धार लावणारे. एकोणिसाव्या शतकात ते वाद्यांकडे वळले. घोडीचा माथा कानशीने किंचित उतरता घासतात, म्हणजे तार त्यावर टेकत-सुटत कंप पावते. तार आणि घोडीच्या मध्ये सुती दोरा घालून तो केसभर पुढे-मागे सरकवायचा. एका जागी आवाज एकदम उघडतो, तिथेच थांबायचं. जरा पुढे गेलात की आवाज कर्कश, मागे राहिलात की मुका. पारख करायला फक्त खर्ज, म्हणजे खालच्या षड्जाची तार, छेडा आणि कान भोपळ्याजवळ न्या. षड्ज ओसरता ओसरता त्यातून गंधार वर येतो. गंधाराची तार तंबोऱ्यात नसते. खर्जाच्याच कंपनातून, त्याच्या पाचपट वेगाने उमटणारा तो सूर. आपल्याकडे त्याला स्वयंभू म्हणतात, आणि हा शब्द अगदी नेमका आहे. कारागीर गंधार घडवत नाही, त्याची वाट मोकळी करतो. तो ऐकू आला नाही तर जवारी पुन्हा काढून, म्हणजे घोडी नव्याने घासून, मागा, संकोच करू नका.

इलेक्ट्रॉनिक तंबोरा प्रवासात सोयीचा, सूरही हलत नाही. पण तोच तुकडा फिरून फिरून वाजत राहतो. लाकडाचा तंबोरा हवेप्रमाणे बदलतो आणि त्याची निगा राखावीच लागते. पावसाळ्यात खुंट्या फुगून अडकतात. जोर लावला तर दांडीतलं भोक फाटतं, म्हणून थोडी थोडी, हलवत सोडवा. उन्हाळ्यात त्याच खुंट्या सरकतात, तेव्हा खडूची पूड लावा. बारीक सूर तारांत ओवलेल्या मण्यांनीच मिळवा. तारांनी घोडीवर चरे पाडले की जवारी बिघडते. रोजचा रियाज असेल तर ती काढायला वाद्य परत न्यावं लागणार हे धरूनच चाला, आणि त्याचे पैसे किती ते खरेदीच्या वेळीच विचारा.

नापसंत गोष्ट एकच: तयार मालात तबलीवर पॉलिशचे जाड थर दिलेले असतात. त्याने वाद्य चमकतं पण आवाज गुदमरतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तरी हातातला नग आपल्या कानानेच तपासावा. ऑर्डर देताना आपली पट्टी (गाण्याचा षड्ज) सांगा, पातळ चपड्याचं (लाखेचं) पॉलिश मागा आणि नक्षी कमी करून तेच पैसे मोठ्या, जाड सालीच्या भोपळ्यावर घाला. तसा भोपळा त्या वेळी नसेल तर पुढच्या हंगामापर्यंत थांबा.