इअरबडच्या 'अपडेट'पायी ४९,८०३ रुपये गेले

लाज वाटते सांगायला, पण सांगते. मी पतसंस्थेत अकरा वर्षं रोखपाल आहे. ओटीपी कुणाला देऊ नका, हे खातेदारांना रोज मीच बजावते. आणि मी तो कुणाला सांगितलाही नाही. तरी शनिवारी संध्याकाळी अर्ध्या तासात ४९,८०३ रुपये गेले.

१,७९९ रुपयांचे इअरबड, त्यातला डावा बंद पडला. वॉरंटी होती म्हणून कस्टमर केअरचा नंबर नेटवर शोधला आणि सगळ्यात वर दिसला तो लावला. तुम्ही नंबर खोक्यावरचा घ्या, नेटवरचा नको. माणूस हिंदीत, अगदी अदबीने बोलला. मॉडेल विचारलं, केसवरचा दिवा कोणत्या रंगाचा लागतो ते विचारलं. इतकं नीट विचारणाऱ्यावर कोण संशय घेईल? फर्मवेअर, म्हणजे इअरबडच्या आतलं सॉफ्टवेअर, जुनं झालंय म्हणाला आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एपीके फाइल (प्ले स्टोअरशिवाय अ‍ॅप थेट फोनवर टाकणारी) पाठवली.

फाइल उघडताना फोनने अडवलं होतं. हे अ‍ॅप धोक्याचं असू शकतं, असं स्पष्ट लिहून आलं. मी 'तरीही इन्स्टॉल करा' दाबलं. मग त्या अ‍ॅपने मेसेज वाचायची परवानगी मागितली. इथे, नेमका इथे माझा हात थांबायला हवा होता. कानात घालायच्या वस्तूला माझे मेसेज कशाला हवेत? प्रश्न मनात आला होता, खोटं नाही बोलत. पण तो 'अलाउ करा मॅडम, अलाउ करा' म्हणून मागे लागला होता, गॅसवर कुकर शिट्ट्या देत होता, आणि मी दाबलं. मग ५ रुपये रजिस्ट्रेशनसाठी कार्डाचा नंबर, सीव्हीव्ही भरला. ओटीपी परस्पर त्यांच्याकडे जात होते. ५, २४,९९९, १९,९९९, ४,८००.

इअरबडचं अपडेट कंपनीच्या स्वतःच्या अ‍ॅपमधून होतं, त्याला एक पैसा लागत नाही. माझ्या डाव्या इअरबडला तर अपडेट नकोच होतं. चार्जिंगच्या पिनांवर मळ होता. भाच्याने कोरड्या कापसाने पुसला, ब्लूटूथमधली जुनी जोडणी काढून पुन्हा जोडली, झालं सुरू.

बँकेचा फोन लागायलाच १७ मिनिटं गेली. कार्ड ब्लॉक झाल्याचा मेसेज आला ७:४२ ला. ४,८०० गेले ७:५१ ला! रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक सांगतं, चूक खातेदाराची असली तरी कळवल्यानंतरचं नुकसान बँकेने सोसायचं. शाखाधिकाऱ्यांनी तो कागद हातातसुद्धा घेतला नाही. "ओटीपी तुम्हीच दिला असणार," एवढंच. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर, १९३० वर तक्रार नोंदवली (तुम्ही पहिल्या पाच मिनिटांतच लावा, आधी फोनचं इंटरनेट बंद करा). पोलीस ठाण्यात गेले तर म्हणे सायबरकडे जा, सायबरवाले म्हणे हद्द तुमच्या ठाण्याची. १ जुलै २०२४ पासून गुन्हा कुठल्याही ठाण्यात नोंदवता येतो, हे मी त्यांना सांगायचं? तीन रजा गेल्या. हवालदाराने सगळ्यांसमोर विचारलं, "शिकलेल्या ना तुम्ही?" शिकलेली आहे, म्हणूनच लेखी पोच मागत होते. ती आजवर मिळालेली नाही.

बँकेला लेखी तक्रार दिलीय. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाणार आहे. ब्लॉकचा आणि ७:५१ चा, दोन्ही मेसेजच्या प्रिंट काढून ठेवल्यात. बाकीचे मिळोत न मिळोत, ते ४,८०० मी सोडणार नाही.