घोटीव कागद, कात्री आणि आल्बर्स : आठ महिन्यांचा अनुभव

मी गोधड्या शिवते, त्यामुळे रंगसंगती आपल्याला कळते असंच धरून चालले होते. गेल्या आषाढात चित्रकार आणि कलाशिक्षक जोसेफ आल्बर्स यांचं ‘इंटरॅक्शन ऑफ कलर’ घेतलं. नुसतं वाचायचं नाही, कागद कापून एकेक अभ्यास करायचा, असं ठरवलं. १९६३ सालचं हे पुस्तक आहे, आणि सिद्धान्ताआधी हाताला काम, हीच त्याची पद्धत.

पहिल्याच आठवड्यात डोळे उघडले. राखाडी कागदाचे दोन तुकडे, एक लाल चौकोनावर, दुसरा हिरव्यावर. लालवरचा हिरवट दिसला, हिरव्यावरचा गुलाबीसर. सासूबाई म्हणाल्या, “अगं, दोन वेगळे कागद आहेत हे.” मग मी त्याच राखाडीची लांब पट्टी दोन्ही चौकोनांवर आडवी ठेवली. त्यांनी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

खालचा रंग आपली छटा वरच्या तुकड्यातून काढून घेतो, एवढंच यामागचं कारण. पण उलटा अभ्यास, म्हणजे दोन वेगळे रंग एकसारखे दिसायला लावणं, मला तीन महिने जमला नाही. शेवटी लालसर मातकट तुकडा लालवर आणि हिरवट मातकट हिरव्यावर ठेवला, तेव्हा जुळलं.

शिवणात याचा उपयोग लगेच झाला. एका ताईंनी आजीच्या इरकलीचा डाळिंबी तुकडा गोधडीत घालायला दिला होता. भडक लालशेजारी तो मळका दिसत होता. शेजारी गर्द हिरवं लावल्यावर डाळिंबी खुलला. पॅरिसच्या गोबलँ या भित्तिपटांच्या कारखान्यात रंगाई विभाग सांभाळणारे रसायनशास्त्रज्ञ शेव्हरूल यांच्याकडे काळा रंग फिका दिसतो अशी तक्रार आली होती, तेव्हाही दोष रंगात नव्हता, शेजारच्या रंगांत होता. त्यावरचं त्यांचं पुस्तक १८३९ सालचं.

एक सांगते, घोटीव कागद या कामाला बरा नाही. चकाकीमुळे खिडकीचा उजेड रंगावर पांढरा पडतो. आल्बर्सच सुचवतात तसे मासिकांचे कात्रण, वेष्टनाचे कागद जमवा. आणि काम दिवसा करा. ट्यूबलाइटखाली जुळवलेलं सकाळी मला मोडावं लागलंय.

सध्या पारदर्शकतेच्या अभ्यासावर अडकले आहे. निळा आणि पिवळा एकमेकांवर चढलेत असं वाटायला हवं, तर मधला हिरवा अगदी नेमका लागतो. अकरा हिरवे लावून पाहिले, अजून एकही बसलेला नाही.