हळद-अर्काच्या कॅप्सूल : टॅमॉक्सिफेन चालू असताना घ्याव्यात का?

स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर माझ्या सासूबाईंना टॅमॉक्सिफेन हे कर्करोगावरचे औषध चालू आहे. एका नातेवाइकांनी आपुलकीने त्यांच्यासाठी हळद-अर्काच्या 60 कॅप्सूलची बाटली ऑनलाइन मागवली. उत्पादकाचे नाव घेत नाही, कारण कर्क्युमिनच्या, म्हणजे हळदीतल्या मुख्य द्रव्याच्या, बाजारातल्या अनेक कॅप्सूलमध्ये हळद आणि मिरीचे अर्क हेच दोन घटक असतात.

वेष्टनाबद्दल तक्रार नाही. सील घट्ट होते, बॅच क्रमांक आणि मुदत स्पष्ट छापलेली होती. घटकांच्या तक्त्यात कर्क्युमिनॉइड (कर्क्युमिन आणि त्याच्या जातीची हळदीतली द्रव्ये) 475 मिलिग्रॅम आणि त्याखाली बारीक अक्षरांत काळ्या मिरीचा अर्क, 5 मिलिग्रॅम, असे लिहिले होते. खरी गोम या दुसऱ्या ओळीत आहे.

कर्क्युमिन एकटे पोटात गेले, तर त्यातले फारच थोडे रक्तात उतरते. 1998 साली बंगळूरच्या संशोधकांनी 2 ग्रॅम कर्क्युमिनसोबत 20 मिलिग्रॅम पिपेरीन, म्हणजे मिरीतले तिखट द्रव्य, निरोगी व्यक्तींना दिले, तेव्हा कर्क्युमिनची उपलब्धता सुमारे 20 पट वाढली. मिरी घालण्याचे कारण हेच; पण यकृतातली जी विकरे पिपेरीनमुळे मंदावतात, त्यांच्यावर इतर औषधांचाही भार असतो. टॅमॉक्सिफेनचा बराचसा परिणाम त्याच्यापासून यकृतात तयार होणाऱ्या एंडॉक्सिफेन या द्रव्यावर अवलंबून असतो. रॉटरडॅममध्ये झालेल्या आणि 2019 साली प्रसिद्ध झालेल्या एका छोट्या अभ्यासात टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रियांना कर्क्युमिन दिल्यावर रक्तातले एंडॉक्सिफेन घटले आणि पिपेरीन जोडल्यावर ते आणखी घटले. म्हणजे ज्या रुग्णांसाठी ही बाटली हौसेने घेतली जाते, त्यांच्यापैकी काहींचे मुख्य औषधच तिच्यामुळे कमी पडू शकते आणि त्याबद्दल लेबलवर एक शब्दही नाही.

सोबतच्या पत्रकातला 'कर्करोगावर गुणकारी' हा दावा मला सर्वांत अधिक खटकला. कर्करोग बरा करण्याची जाहिरात 1954 च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने निषिद्ध आहे. प्रयोगशाळेत कर्क्युमिनने कर्कपेशींची वाढ रोखलेली दिसली असली, तरी रुग्णांमध्ये त्याने कर्करोग बरा होतो असे सिद्ध झालेले नाही. वनस्पतींविषयी माझ्या मनात अढी मुळीच नाही. सदाफुलीतून व्हिन्क्रिस्टीन हे कर्करोगावरचे औषध मिळाले आणि आपल्या सह्याद्रीतल्या नरक्या या झाडात कॅम्प्टोथेसिन हे द्रव्य सापडते, ज्यापासून पुढे इरिनोटेकॅनसारखी कर्करोगावरची औषधे घडली. मात्र ती शुद्ध करून, मात्रा ठरवून आणि रुग्णांवर तपासूनच वापरात आली.

बाटली आम्ही न उघडताच कर्करोगतज्ज्ञांकडे नेली. त्यांनी तक्ता वाचून कॅप्सूल घेऊ नका, असे सांगितले. आमटी-भाजीतल्या हळदीला त्यांची हरकत नव्हती. कंपनीच्या ग्राहक सेवेकडे मी टॅमॉक्सिफेनबद्दल लेखी विचारणा केली, तेव्हा 'उत्पादन शंभर टक्के नैसर्गिक आहे' एवढेच उत्तर आले.

पाचपैकी दोन तारे देत आहे, तेही मिरीच्या अर्काचे प्रमाण न लपवता छापले म्हणून. पत्रकातला दावा काढून तक्त्याखाली कर्करोगाच्या रुग्णांसाठी ठळक इशारा छापला, तर हे परीक्षण मी आनंदाने बदलेन.