ह्यूस्टनच्या पश्चिमेचं बंदुकांचं दुकान: पाचपैकी चार तारे

केटीच्या बाजूला राहणारी आपली मंडळी या दुकानाबद्दल नेहमी विचारतात. कुणाला स्वतःसाठी चौकशी करायची असते, कुणाला भारतातून आलेल्या पाहुण्यांना नेमबाजीची रेंज दाखवायची असते. म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी गेले ते मैत्रिणीसोबत. तिच्या गल्लीत एका घरी चोरी झाली. नवरा कामासाठी सतत फिरतीवर, घरात ती आणि पहिलीतला मुलगा. पिस्तूल घ्यावं का, हे तिला बघायचं होतं. मला स्वतःला घरात बंदूक नको आहे, हे आधीच सांगून टाकते.

दुकान पुढे, रेंज मागे. दारावरच पाटी आहे की आपलं शस्त्र आत आणायचं तर रिकामं करून, पेटीत घालूनच आणा. आत स्वच्छ, प्रकाश भरपूर, आणि कुणी अंगावर येऊन विकत नाही. काउंटरवरच्या साठीतल्या गृहस्थांनी बजेट विचारण्याआधी विचारलं, ‘घरात मूल आहे का?’ हो म्हटल्यावर त्यांनी पिस्तुलाआधी कुलपाची पेटी काढून दाखवली. मग एकेक पिस्तूल काढताना त्यांची पद्धत ठरलेली: मॅगझिन बाहेर, स्लाइड मागे, आत डोळ्यांनी बघायचं, बोट घालून चाचपायचं, आम्हाला दाखवायचं, आणि नळी आमच्यापासून दुसरीकडे करून चटईवर ठेवायचं. बरीच पिस्तुलं दाखवली, पण एकदाही यातली पायरी गाळली नाही.

रेंजवर एकट्या आलेल्या माणसाला ते बंदूक भाड्यानं देत नाहीत. सोबत कुणीतरी लागतं, नाहीतर स्वतःची बंदूक आणावी लागते. असा नियम इथल्या बऱ्याच रेंजवर असतो आणि त्यामागचं कारण जड आहे. अमेरिकेत 2021 साली बंदुकीनं 48,830 माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. हा नियम दुकानानं स्वतःहून केलेला आहे, म्हणून मला त्यांच्याबद्दल आदर वाटला.

आता मुख्य मुद्दा. मैत्रीण एच-फोरवर आहे, म्हणजे नवऱ्याच्या नोकरीच्या व्हिसामुळे बायकोला मिळणाऱ्या व्हिसावर. तिनं तसं सांगितलं तेव्हा त्या गृहस्थांनी टाळाटाळ केली नाही, नीट समजावलं. नॉन-इमिग्रंट, म्हणजे तात्पुरत्या, व्हिसावरच्या माणसाला फेडरल कायद्यानं बंदूक विकत घेता येत नाही, हातातही धरता येत नाही. पण शिकारीचा वैध परवाना असेल तर दोन्ही करता येतं. तोवर रेंजवरसुद्धा हात लावू नका म्हणाले. त्या दिवशी गोळ्या मी झाडल्या, ग्रीन कार्डवर असल्यामुळे मला अडचण नव्हती, आणि ती काचेपलीकडून बघत राहिली. (पर्यटक व्हिसावर आलेल्या आईवडिलांनाही हाच नियम आहे. पाहुण्यांना हौसेनं घेऊन जाणाऱ्यांनी हे लक्षात ठेवा.)

तिनं हंटर एज्युकेशनचा ऑनलाइन कोर्स केला, टेक्सासचा शिकारीचा परवाना काढला आणि आम्ही पुन्हा गेलो. 4473 नंबरचा फॉर्म भरला, त्यात नागरिकत्वाचा आणि व्हिसाचा प्रश्न आहे, परवान्याची प्रत जोडली, एफबीआयच्या यंत्रणेकडून पडताळणी झाली आणि पिस्तूल तिच्या नावावर झालं. सोबत कुलूप मिळालं, हँडगनबरोबर ते देणं परवानाधारक दुकानदाराला कायद्यानं बंधनकारक आहे.

ती सही करत होती तिथेच, पैसे घेण्याच्या मशीनजवळ एक कागद चिकटवलेला होता: शनिवार-रविवारसाठी कॅशिअर हवा. तिनं तो वाचला आणि माझ्याकडे बघितलं. सांगलीची सिव्हिल इंजिनिअर, लग्नाआधी पुलांच्या साइटवर काम केलेली. काचेच्या कपाटातलं कुठलंही पिस्तूल तिला घेता येत होतं. ते विकल्याची पावती फाडायची नोकरी मात्र करता येत नव्हती. एच-फोरवर कामाची परवानगी 2015 पासून मिळते, पण जोडीदाराची ग्रीन कार्डची प्रक्रिया ठरावीक टप्प्यापर्यंत गेली असेल तरच. तिच्या नवऱ्याची अजून गेलेली नाही.

मीही एच-फोरवर काही वर्षं काढली आहेत. घरात बसून डिग्री गंजते तेव्हा माणसाचं काय होतं ते मला माहीत आहे. म्हणून हा प्रश्न मी सोडू शकत नाही: स्वतःच्या हातांनी कमावण्याचं स्वातंत्र्य खाली आणि शस्त्र बाळगण्याचं वर, हे कुणी लावलं?

धोका किती, यावर ही उतरंड ठरत नाही, एवढं नक्की. सर्दीवरच्या सुडाफेडचंच बघा. त्यात स्यूडोएफेड्रिन असतं आणि त्यापासून मेथ हा अमली पदार्थ बनवतात, म्हणून ते काउंटरमागून मिळतं. ओळखपत्र दाखवा, सही करा, दिवसाला 3.6 ग्रॅमच्या वर नाही, आणि तुमची नोंद किमान दोन वर्षं राहते. बंदुकीच्या खरेदीला मंजुरी मिळाली की पडताळणी यंत्रणेला खरेदीदाराची माहिती 24 तासांत पुसावी लागते. देशभरातल्या बंदूकमालकांची यादी सरकारला ठेवता येत नाही, तशी 1986 च्या कायद्यानं मनाई केली आहे.

मला वाटतं, स्वातंत्र्य मोठं होतं ते त्याच्यामागे कोण उभं आहे त्यावर. 1775 मध्ये इंग्रजांची फौज काँकर्डला निघाली ती वसाहतवाल्यांचा दारूगोळा जप्त करायला, आणि तिथूनच अमेरिकेच्या स्वातंत्र्याचं युद्ध पेटलं. ही आठवण ताजी असणाऱ्यांनी 1791 ची दुसरी घटनादुरुस्ती केली, शस्त्र बाळगण्याच्या हक्काची. पण आठवण एकटी पुरत नाही. बंदूक हा व्यक्तीचा हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टानं स्पष्ट म्हटलं ते थेट 2008 साली, तेही पाच विरुद्ध चार मतांनी. त्याआधी कितीतरी वर्षं संघटनेनं, मतांनी, पैशानं तो हक्क पुढे रेटला गेला. आणि तो सगळ्यांचा सारखा कधीच नव्हता. ओकलंडमध्ये ब्लॅक पँथर्स या कृष्णवर्णीयांच्या संघटनेचे लोक भरलेल्या बंदुका घेऊन पोलिसांवर नजर ठेवत फिरू लागले, तेव्हा 1967 साली कॅलिफोर्नियानं भरलेली बंदूक उघड घेऊन फिरण्यावर बंदी आणली. कायद्यावर सही गव्हर्नर रीगन यांची.

टेक्सासमधल्या बायकांना तर हे तारखांनिशी पाठ आहे. 1 सप्टेंबर 2021. त्या दिवसापासून इथे परवान्याशिवाय हँडगन बाळगून फिरता येऊ लागलं आणि त्याच दिवसापासून साधारण सहाव्या आठवड्यानंतरचा गर्भपात बंद झाला. पुढच्या वर्षी 23 जूनला सुप्रीम कोर्टानं घराबाहेर शस्त्र बाळगण्याचा हक्क मान्य केला आणि 24 जूनला गर्भपाताचा घटनात्मक हक्क काढून घेतला. दोन्हीकडे मोजपट्टी इतिहासाची: जे या देशाच्या परंपरेत रुजलेलं आहे ते टिकेल. पण ती परंपरा लिहिली गेली तेव्हा बायकांना मत कुठे होतं? घटनेनं ते दिलं 1920 मध्ये. ज्यांना बोलायला जागाच नव्हती त्यांची गरज इतिहासात सापडणार कशी? एच-फोरवरच्या बाईचंही तेच. तिला मत नाही, म्हणून तिच्या दारात कुणी उमेदवार येत नाही.

आपल्याकडची उतरंडही अशीच घडलेली आहे. लॉर्ड लिटनच्या 1878 च्या कायद्यानं हिंदी माणसाच्या हातातलं शस्त्र काढलं, तरी स्वतंत्र भारतानं 1959 च्या कायद्यात परवान्याची पद्धत कायम ठेवली आणि फारसं कुणी हळहळलं नाही. आपल्या लढ्याच्या आठवणीत मिठाची मूठ आहे, सभा आहेत, तुरुंग आहेत. महाराष्ट्रात दारू पिण्यासाठी 1949 च्या कायद्यानं अजूनही परमिट लागतं. अमेरिकेतल्या माणसाला हे सांगितलं की तो थक्क होतो.

मैत्रिणीला मी अडवलं नाही. रात्री एकटीनं मुलाला घेऊन झोपणारी ती आहे, मी नाही. पण 2020 पासून या देशात मुलांच्या आणि किशोरवयीनांच्या मृत्यूचं पहिल्या क्रमांकाचं कारण बंदूक आहे, हे मी तिला सांगितलं आणि कुलपाची पेटी घेतल्याशिवाय दुकानातून निघू दिलं नाही.

एक तारा कापला तो याच कारणासाठी. दुसऱ्या वेळी काउंटरवर एक तरुण मुलगा होता. त्यानं मुलाबद्दल काही विचारलं नाही आणि कुलूप पिशवीत टाकून दिलं, कसं लावायचं ते दाखवलं नाही. टेक्सासमध्ये निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक 17 वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो गुन्हा आहे, हे विकतानाच सांगायला हवं. एका चांगल्या माणसाच्या ड्यूटीवर ही गोष्ट अवलंबून राहू नये.

जाणार असाल तर शनिवारी दुपार टाळा, लेनसाठी फार थांबावं लागतं. बंद बूट आणि गळाबंद टॉप घाला, शेजारच्या लेनमधून काडतुसांच्या तापलेल्या पुंगळ्या उडतात आणि गळ्यातून आत गेल्या तर चटका बसतो. एच-फोरवर असाल तर पासपोर्ट, आय-94 (अमेरिकेतल्या प्रवेशाची नोंद) आणि शिकारीचा परवाना तिन्ही बरोबर ठेवा, आणि वयस्कर गृहस्थ काउंटरवर कधी असतात ते फोन करून विचारा.